टॅपेट तुमच्यासाठी राखून ठेवलेत

टॉरन्स, कॅलिफोर्निया

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर सगळं अर्धवट राहतं. आई विचारते जेवलीस का, बाबा विचारतात गाडीला गंज किती लागलाय, आणि दोघं एकदम बोलायला लागलात की मला दोन्ही नीट ऐकू येत नाही. म्हणून या वेळी सवडीनं लिहितेय. दादाला सांगितलंय, मोठ्या अक्षरात छापून आणून दे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बाबांनी मोबाइलवर डोळे ताणू नयेत.

आधी आईचा प्रश्न. एवढ्या पैशात नवीकोरी गाडी आली असती, तर पन्नास वर्षांचं भंगार का उचललंस? नवी गाडी माझ्याकडे आहेच आई, कामावर तीच नेते. ती इतकी गुणी आहे की बॉनेट उघडलं तर आत नुसतं प्लॅस्टिकचं झाकण दिसतं. काही झालं तर ती मला सांगत नाही, कंपनीच्या कॉम्प्युटरला सांगते. ही दुसरी, १९७२ ची. हिच्यातलं सगळं दिसतं, हाताला लागतं आणि पान्यानं उघडतं. मला तेच हवं होतं. किंमत मात्र मी इथे लिहीत नाही, कारण तू लगेच रुपयांत गुणाकार करशील आणि मग पुढचं पत्र वाचणार नाहीस. बाबांना आकडा माहीत आहे. त्यांनी तो इतके दिवस पोटात ठेवला, म्हणजे त्यांना पटला असावा.

गाडी डॅटसन २४०झेड. जपानमध्ये हिलाच निस्सान फेअरलेडी झेड म्हणतात. तिकडे ती १९६९ च्या ऑक्टोबरात जाहीर झाली आणि लगोलग अमेरिकेत आली. त्या काळी डॅटसन म्हणजे इथल्या लोकांच्या लेखी छोटा टेम्पो आणि काटकसरी माणसाची चौकोनी मोटार. जपानी कंपनी स्पोर्ट्स कार करील आणि ती जॅग्वार-पोर्शेच्या रांगेत उभी राहील, असं कुणी म्हटलं असतं तर हसण्यावारी नेलं असतं.

हे घडवून आणण्यात युताका काटायामा नावाच्या गृहस्थांचा मोठा हात. डॅटसन गाड्या करणाऱ्या निस्सान कंपनीनं त्यांना १९६० मध्ये अमेरिकेला पाठवलं. सुरुवातीचं ऑफिस गार्डिनामध्ये होतं, म्हणजे माझ्या शेजारच्याच गावात. इथे सगळे त्यांना ‘मिस्टर के’ म्हणत. इथल्या माणसाला काय हवं ते त्यांना कळलं होतं: लांब नाक, दोन सीट, सहा सिलिंडर आणि शिक्षकाला, कारकुनाला परवडेल अशी किंमत. योशिहिको मात्सुओ यांच्या हाताखाली तिकडे आकार ठरला आणि किंमत निघाली ३,५२६ डॉलर. लोकांनी नंबर लावले. फेअरलेडी हे नाव काटायामांना अजिबात पसंत नव्हतं. असल्या नावाची गाडी इथला कुठलाच पुरुष घेणार नाही, असं त्यांचं मत. त्यांनी त्या नावाच्या पट्ट्या काढायला लावल्या आणि जागी साधा २४०झेड लावला. दोन पूर्णांक चार लिटरचं इंजिन, म्हणून २४०. मुख्य कार्यालयाला न जुमानणारा हा माणूस २०१५ मध्ये वारला, १०५ वर्षांचा होऊन. आई, तुला सांगते, मनासारखं काम केलं की आयुष्य वाढतं असं मी म्हणणार नाही, पण त्यांचे म्हातारपणीचे फोटो बघितले तर तुलाही तसंच वाटेल.

बाबा, आता तुमच्यासाठी. एल२४ इंजिन, सहा सिलिंडर एका ओळीत, २३९३ सीसी. बोअर ८३, स्ट्रोक ७३.७ मिलिमीटर. म्हणजे तुम्ही जन्मभर ज्या ऑइल इंजिनांचे लायनर बघितलेत त्यांच्या बरोबर उलट: तोंड मोठं, उंची कमी, फिरायला चपळ. ब्लॉक बीडाचा, हेड अॅल्युमिनियमचं, कॅमशाफ्ट वर, चेनवर चालणारा. त्या वेळच्या मापानं १५१ अश्वशक्ती, आणि गाडीचं वजन हजार किलोच्या थोडंसं वर. आपल्याकडे तेव्हा १०८९ सीसीच्या फियाटसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून थांबत होते, तेव्हा हे इथल्या बाजारात उभं होतं. ब्लॉकची ढलाई बघून मला तुमची आठवण आली. कास्टिंगवर कुठेही ब्लो-होल, म्हणजे अडकलेल्या हवेचं भोक, नाही, कडा स्वच्छ. तुम्ही अंगठा फिरवून बघता तसा मीही फिरवला.

आणि एक गोष्ट फोनवर सांगायची राहिली. पूर्व आफ्रिकेची सफारी रॅली तुम्हाला माहीत असेल. केनियातले चिखलाचे आणि धुळीचे हजारो किलोमीटर. १९७१ मध्ये ती याच गाडीनं जिंकली आणि १९७३ मध्ये पुन्हा, तेव्हा चक्रावर बसला होता शेखर मेहता. आपल्याच वंशाचा, युगांडात जन्मलेला. इदी अमीननं तिथल्या भारतीयांना हाकलून दिलं तेव्हा हे कुटुंबही केनियात गेलं, आणि पुढच्याच वर्षी या पठ्ठ्यानं रॅली मारली. तीही कशी, तर दुसऱ्या डॅटसनमधल्या स्वीडिश गड्याशी दंडाचे गुण सारखे झाले आणि नियम बघून निकाल द्यावा लागला. पुढे त्यानं हीच रॅली आणखी चार वेळा जिंकली. आपल्याकडे क्रिकेटच्या अकराव्या खेळाडूची कुंडली पाठ असते आणि या माणसाचं नाव कुणी घेत नाही, याचा मला राग येतो.

माझी गाडी बेकर्सफील्डजवळच्या एका गावातून आली. एका निवृत्त शिक्षकांनी ती नवी घेतलेली. ते गेले आणि गाडी गॅरेजमध्ये तशीच राहिली. त्यांच्या बाईंनी तेलबदलाच्या नोंदींची वही दिली, निळ्यावर पिवळी अक्षरं असलेली मूळची नंबरप्लेट दिली आणि चहाही पाजला. आई, तू पहिला प्रश्न विचारलास तो हाच ना, कुणाची आहे, चांगल्या घरातली आहे का? चांगल्या घरातली आहे.

तो भाग कोरड्या हवेचा, म्हणून मी तिथली गाडी शोधत होते. बर्फाच्या राज्यांत रस्त्यांवर मीठ टाकतात आणि या गाडीचा पत्रा मिठापुढे काही टिकत नाही. जपान्यांनी इंजिन असं केलं की मरत नाही, आणि पत्रा असा की राहत नाही; गंजरोधक लेप त्या काळी फार जुजबी. बघायला गेलं की लोक रंग बघतात. मी गाडीखाली सतरंजी टाकून आडवी झाले. बॅटरीच्या खालचा ट्रे, पायाखालची जमीन, तिच्याखालून जाणारे दोन रेल, दाराच्या मागचा कोपरा, डिक्कीच्या तोंडाची पट्टी, स्टेपनीचा खड्डा, या जागा ठरलेल्या. चुंबक लावत गेलं की कुठे पत्रा आहे आणि कुठे लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर रंग मारलाय ते कळतं. हे तुम्ही मला दहावीच्या सुट्टीत शिकवलंत, काकांच्या फियाटवर. इथे बॅटरीचा ट्रे अॅसिडनं खाल्ला होता आणि ड्रायव्हरच्या पायाखालची जमीन गेली होती. बाकी खणखणीत.

जमिनीवर आतून डांबरासारखा जाड थर असतो, आवाज येऊ नये म्हणून. तो खरवडता खरवडता हात मोडतात. त्यावर उपाय मजेशीर आहे: कोरडा बर्फ आणायचा, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, आणि त्या थरावर पसरायचा. थर गारठून काचेसारखा होतो, मग हातोडीनं टिचकी मारली की तुकडे उडतात. गॅरेजभर पांढरा धूर. आई, तू व्हिडिओ कॉलवर घाबरलीस तो हाच धूर. दार उघडं ठेवलं होतं गं, तो वायू बंद खोलीत साठला तर वाईट, हे मला माहीत आहे.

पत्रा कापून नवा बसवायचा म्हणून मी इथल्या कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळचा वेल्डिंगचा वर्ग केला. वर्गात निम्मे पोरगे विशीतले आणि एक निवृत्त नर्स. शिकवणाऱ्यांनी पहिल्या दिवशी विचारलं, आधी कधी वेल्डिंग बघितलंय का? मी म्हटलं, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत वाढलेय. त्यांना काही कळलं नाही, मला मात्र फार बरं वाटलं.

सगळ्यात छळलं ते मागच्या चाकांनी. या गाडीला चारही चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर आहेत. मागच्या खालच्या आर्मची बाहेरची बाजू एका लांब पिनेवर फिरते, स्पिंडल पिन म्हणतात तिला. पिन रबरी बुशांतून आणि स्ट्रटच्या बीडाच्या बैठकीतून आरपार जाते. पन्नास वर्षांचं पाणी आणि धूळ त्या बैठकीत शिरलेली, म्हणजे पिन आणि बैठक एकजीव. या गाड्या दुरुस्त करणारे सगळे या पिनेला शिव्या घालतात, जगभर. तेल सोडून बघितलं, गरम करून बघितलं. रबर जळाल्याचा वास दोन दिवस केसांतून जाईना. पिन हलायचं नाव नाही.

तेव्हाच तुम्हाला फोन लावला होता, आठवतंय? तुमच्याकडे पहाट होती. तुम्ही गाडी कुठली, साल कुठलं काहीच विचारलं नाहीत. पहिलं वाक्य, “मधे लॉक हाय काय बघ. आधी तो काढलास काय गं?” बाबा, ही गाडी तुम्ही आयुष्यात कधी बघितलेली नाही. पण पिन जर बैठकीत घट्ट बसवायची असेल तर कुणी ना कुणी तिला मधून आडवा लॉक देणारच, हे तुम्ही खुर्चीत बसून ओळखलंत. लॉक होता, आणि मी तो काढला होता, आणि “काढला” म्हटल्यावर तुम्ही जो हुंकार दिलात तेवढा मला इंजिनिअरिंगच्या निकालालाही मिळाला नव्हता.

मग तुम्ही सांगितलंत, हातोडा खाली ठेव. आट्यांवर मारत राहिलीस तर टोक फुलेल आणि पिन बैठकीत आणखी आवळेल. ठोकू नको, ओढ. नंतर वहीच्या पानावर पुलर काढून फोटो पाठवलात: जाड पाइपचा तुकडा, वर वॉशर, मधून स्टड, कपलिंग नटनं पिनेच्या आट्यांना जोडलेला. मापं लिहून, बाण काढून, कोपऱ्यात तुमची सहीसुद्धा, जणू गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग. तुमची रेघ थोडी हलली होती, पण मापात एक सूतही चूक नव्हती. मी तसाच पुलर केला. डिझेल सोडून रात्रभर ताणावर ठेवला, सकाळी आणखी थोडा आवळला आणि बंदूक सुटल्यासारखा आवाज होऊन एक पिन सुटली. दुसरी सुटलीच नाही. ती करवतीनं दोन्हीकडून कापून प्रेसखाली काढावी लागली. तुम्हाला ते आवडलं नव्हतं, “कापायला काय, कोणबी कापतंय,” म्हणालात. नव्या पिना मिळतात बाबा. बसवताना भरपूर ग्रीस लावलंय, पुढच्या माणसाच्या शिव्या वाचाव्यात म्हणून.

त्या पानाचा फोटो छापून गॅरेजमध्ये लावला आहे. इथले दोघेतिघे बघून विचारून गेले, हे ड्रॉइंग कुठलं? एकानं तसाच पुलर करून नेला.

रंगाचं थोडक्यात. कुणीतरी मधल्या काळात ती तपकिरी करून टाकली होती. डॅशबोर्ड काढल्यावर मागे मूळ रंग सापडला: कारखान्याचा ९१८ नंबरचा नारिंगी. तोच पुन्हा मारलाय. पहिला फोटो पाठवला तेव्हा दादा म्हणाला, भगवी गाडी, आता पुढे भालदार-चोपदारही ठेव. डॅशबोर्डला उन्हानं भेगा पडल्यात, त्या मी तशाच ठेवल्या. इथे काही लोक या गाड्या इतक्या चकचकीत करतात की चालवायलाच भितात. काही जण इंजिन काढून शेवरलेचं आठ सिलिंडरचं बसवतात. ज्याची गाडी त्याची मर्जी, पण मला दोन्ही पटत नाही. मी एकच बदल केलाय आणि बाबा, रागावू नका: डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट काढून नंतरच्या मॉडेलचं इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलंय. पॉइंट घासायला मला आवडतं, पण चौकात गाडी बंद पडून मागचे हॉर्न वाजवायला लागले की आवडत नाही.

आई, तुझ्या काळजीबद्दल. ब्रेकचे होज, मास्टर सिलिंडर, पुढचे डिस्क पॅड, मागचे लायनर सगळं नवं आहे. पेट्रोलचे जुने रबरी पाइपही बदलले, कारण इथल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते जुनं रबर खातं. एअरबॅग नाही, हे खरं. म्हणून गर्दीच्या वेळी मी तिला फ्रीवेवर नेत नाही; रविवारी सकाळी समुद्राकाठच्या डोंगरातून एक फेरी, एवढंच. या गाडीत मागून धूर आत येतो ही जुनी खोड. मागच्या दाराचं आणि मागच्या दिव्यांचं रबर नवं बसवलं की येत नाही. तुला गाडी लागते म्हणून ते मी सर्वांत आधी केलं. आणि सरकारी तपासणीचं म्हणशील, तर कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या गाड्यांना धुराच्या तपासणीतून सूट आहे, कागद सगळे स्वच्छ.

दादानं तुला सांगितलं ना, की असलीच एक गाडी २०२० मध्ये लिलावात ३ लाख १० हजार डॉलरना गेली? गेली, खरं आहे. ती फार कमी चाललेली, जशीच्या तशी राहिलेली गाडी होती. माझीला तसा भाव येणार नाही, आणि आला तरी मी विकणार नाही. हे आत्ताच लिहून ठेवते, म्हणजे पुढे वाद नको.

इंजिन सुरू झालं. धावतं. पण अजून गुळगुळीत नाही, आणि खरं म्हणजे पत्र त्यासाठीच आहे.

हिला दोन कार्बोरेटर आहेत, एसयू नावाच्या ब्रिटिश पद्धतीचे, हिताचीनं केलेले. एक पुढच्या तीन सिलिंडरना, एक मागच्या तीनला. दोघांनी हवा सारखी ओढली पाहिजे. त्याला मीटर मिळतं, पण जुने लोक रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरतात आणि फुत्कार ऐकतात. एकाचा स्वर वर असेल तर त्याचा स्क्रू किंचित मागे, मग दुसरा, मग परत पहिला, दोन तंबोरे जुळवावेत तसं. मला एका मर्यादेपर्यंत कळतं, पुढे सगळं सारखंच वाटतं. आई, भजनी मंडळात पेटीची एक पट्टी पाव सुरानं उतरलीय हे मागच्या ओळीत बसून तू ओळखतेस. मला तो कान हवाय. ग्रीस लागणार नाही, नळी फक्त कानाला धरायची.

आणि बाबा, टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या वरची बारीक फट, मी सेट केलेले नाहीत. म्हणजे चालण्यापुरते केलेत, शेवटचे नाहीत. थंड इंजिनला इनलेट आठ थाऊ, म्हणजे इंचाचे आठ हजारांश, एक्झॉस्ट दहा थाऊ. बारा व्हॉल्व्ह, प्रत्येकाला लॉकनट. फटीत गेजची पातळ पट्टी ओढताना ती किती अडली पाहिजे हे पुस्तकात लिहिलेलं नसतं. दादा म्हणाला, लेथ विकल्यापासून तुम्ही दुपारी नुसते गॅलरीत बसता, उद्यमनगरकडे फिरकतही नाही. मी त्यावर काही बोलणार नाही. हात थरथरतो म्हणाल, तर पाना मी धरीन, गेज तुम्ही ओढा. अडतंय की नाही ते बोटांना कळतं, आणि तुमची बोटं शाबूत आहेत.

व्हिसा दोघांचाही चालू आहे. दिवाळी झाली की निघा. नोव्हेंबरात इथे हवा कोरडी आणि सोसवेल अशी असते, तिकडच्या दिवाळीसारखीच. औषधं तीन महिन्यांची, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. फराळाचं ओझं आणू नका. आर्टिशियाला आपली दुकानं आहेत, चकली-चिवडा सगळं मिळतं. कांदा-लसूण मसाला मात्र घरचा आणा, तो इथे नावालाच मिळतो. फिलर गेज इथे आहे, पण बाबांना स्वतःचंच लागेल हे मला माहीत आहे. ते हातातल्या पिशवीत नको, मोठ्या बॅगेत टाका, नाहीतर विमानतळावर काढून घेतील.

एक अडचण आहे. गाडीला सीट दोनच. एक मी चालवायला, उरली एक. पहिली फेरी कुणाची ते तुम्ही तिकडूनच ठरवून या. माझं मत आईच्या बाजूनं आहे, कारण बाबा एकदा बसले की लवकर उतरायचे नाहीत, आणि बसण्याआधी तासभर गाडीखाली आडवे होतील ते वेगळंच.

तारखा दादाला सांगा, तिकिटं मी इथून काढते.

तुमची,
धाकटी